गोळीवर गुलाबी औषध

१४ सप्टेंबर
ताप हटत नाही! झुडपातल्या किड्याच्या तापाची गोळी परवापासून सुरू आहे. पण पोटातली जुनी आग तिने आणखीच भडकते. म्हणून आमचे हे, धनराज, अंघोळीला गेले की लगेच वरून ते गुलाबी अ‍ॅसिडिटीचं औषध घेते. बाटली पिठाच्या डब्यामागे लपवलीय. त्यांनी विचारलं, अ‍ॅसिडिटी कशाने, तर काय सांगू? तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने! अंगणवाडीत बायांना खर्रा सोडायची शपथ देणारी मी, आणि मीच मागच्या खोलीत खर्र्याची पन्नी उघडून बसते. शी!

१५ सप्टेंबर
डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आणखी काही औषध घेता?" धनराज शेजारीच. नाही म्हटलं.

१६ सप्टेंबर
माझी मदतनीस गुणाबाई येऊन गेली. गवत कापताना तिलाही तोच किडा चावला. तोच ताप, त्याच गोळ्या. म्हणाली, "तुमचा ताप त उतरूनच नाई राह्यला बाई. मंग मी काऊन खाऊ? देल्ल्या फेकून."
मी म्हटलं, "खरंच गं, काही उपयोग नाही."

१७ सप्टेंबर
आज उभंही राहवेना, दवाखान्यात नेलं. मॅडम म्हणाल्या, चंद्रपूरला हलवू. धनराज गाडी बघायला बाहेर गेले आणि मी घाबरून सगळं सांगून टाकलं — बाटली, खर्रा, सगळं.
मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, ते औषध गोळीला पोटातच धरून ठेवतं! रक्तात उतरूच देत नाही. गोळी वाईट नव्हती." गुलाबी औषध बंद केलं, मला तिथेच ठेवून घेतलं. गोळी तीच.

१९ सप्टेंबर
ताप गेला! घरी आले. धनराजनी विचारलं, "गोळी बदलली का?" हो म्हटलं. जीभ झडली नाही माझी.
गुणाबाईकडे जायलाच हवं. पण गोळीचं सांगायचं तर खर्र्याचंही सांगावं लागेल, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळ्या बाया हसतील. पुन्हा कुठल्या तोंडाने शपथ देऊ?
उद्या जाते.

२० सप्टेंबर
नाही गेले.

२१ सप्टेंबर
गुणाबाईला धाप लागली. एकशे आठची गाडी आली, अख्खा मोहल्ला जमला. धनराजही. स्ट्रेचरवरून तिने माझा हात धरला.
"बाई, तुमी त बऱ्या झाल्या! तुमाले मंग कोनती गोळी देल्ली?"
"तीच," मी म्हटलं.