दारामागच्या गाद्या

नांदेड, ११ एप्रिल १९९९

चि. सौ. इंदूस अनेक उ. आ.

परवा सुखरूप पोचलो. काल माहूरला जाऊन देवीपुढे तुम्हा सगळ्यांची नावं घेतली. पण लातुरात पाहिलेलं एक मनातून जात नाही. आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवतो, त्यामुळे नजर तिथंच जाते. दाराजवळचा तुमचा विजेचा डबा पूर्वीच्या दोन खोल्यांपुरता. आता शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलींच्या वरच्या खोल्या, कूलर, गीझर, सगळ्यांच्या वायरी त्यातच कोंबल्यात. झाकणाला हात लावला तर गरम. मोठा डबा बसवून घे, आत थोडी जागा रिकामी राहील असा. आणि पुढ्यातल्या गाद्या, ट्रंक हलव. तिथं सरळ उभं राहून झाकण पुरतं उघडता आलं पाहिजे. ठिणगी पडली तर गाद्यांवर चढून मेन स्विच कोण बंद करणार? बाहेर पडायचं दारही तेच. लोकांच्या लेकी तुझ्या भरवशावर आहेत, बाई.

तुमच्या काळजीत असलेला,
दादा

लातूर, १७ एप्रिल

ती. दादास सा. न.

जेवायला आलास की तपासणीला? तरी आमच्या वायरमन खाजाभाईंना बोलावलं. ते म्हणाले, भाभी, डबा आजच बदलतो, पण मी उभा कुठं राहू, गाद्यांवर लोळून काम करू का? मी हसले, सासूबाई हसल्या नाहीत. गाद्यांना हात लावायचा न्हाई म्हणाल्या.

तुला सगळं ठाऊक नाही. भूकंपात वन्संना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं. वर पाऊस, खाली चिखल, पोरीखाली अंथरायला काही नव्हतं. तशाच गेल्या. तेव्हापासून पळताना हाताशी यावं म्हणून अंथरूण दाराशी रचलेलं असतं. त्या माउलीशी मी कशी भांडू? तूच सांग.

माया आहे तशी ठेव.
इंदू

नांदेड, २२ एप्रिल

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांचं चुकत नाही, फक्त जागा चुकते. त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, पळून जायचं ते अंगणातच ना? मग अंथरूण आधीच अंगणात असलेलं काय वाईट? पत्र्याची छोटी खोली बांधा, कडी बाहेरून. घाईत उचलायलाही काही नको.

देवी सर्वांना सांभाळो.
दादा

लातूर, ३० मे

ती. दादास सा. न.

तुझा निरोप त्यांनी दोनदा वाचून घेतला. मग एकेक गादी स्वतः बाहेर नेली, कुणाला हात लावू दिला नाही. खाजाभाईंनी मोठा डबा बसवला. त्याच्याखाली कुणी चप्पल ठेवली तरी सासूबाई ओरडतात, म्हणून मुलींनी त्यांचं नाव लाइनमन पाडलंय.

परवा संध्याकाळी कूलरच्या वायरीतून धूर निघाला. भोकरची भार्गवी धावत गेली आणि मेन स्विच खाली ओढला. जरा पडदा जळाला, बाकी काही नाही. सगळ्या मुली अंगणात आल्या. सासूबाईंनी गाद्या अंथरल्या, भार्गवीला निजवलं आणि तिच्या उशाशी बसून मोठ्यानं रडल्या. इतक्या वर्षांत त्यांना रडताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. मुली बिलगून बसल्या. परीक्षा तोंडावर होती, पण अभ्यासाला मी कुणालाच उठवलं नाही.

तुला जपणारी,
इंदू