वकीलपत्र मागे घेतल्यावर

५ फेब्रुवारी, सोमवार
वकिलांनी बाबांचं वकीलपत्र मागे घेतलं! भर सुनावणीत, आमच्यासमोर. परवाना अधिकाऱ्यांपुढे एक कागद सरकवला — "मला या प्रकरणातून मोकळं करावं." कारण? "वैयक्तिक." अधिकाऱ्यांनी बाबांना विचारलं, "तुमची हरकत?" बाबा खाली बघत म्हणाले, "नाही."

नाही?! बाबांच्या हातून शाळेची बस भिंतीला घासली, एका मुलाच्या आईने तक्रार केली, बाबांचा परवाना जायची वेळ आली — आणि हरकत नाही?

पुढची तारीख चौदा. अधिकारी म्हणाले, "त्यानंतर मुदत मिळणार नाही."

जिन्यात वकिलांना गाठलं. "कारण सांगा, नाहीतर मी तुमची तक्रार करीन!" ते रागावले नाहीत. "अशिलाचं बोलणं बाहेर सांगता येत नाही, बाळ. बाबांनाच विचार."

बाबांना विचारलं. "त्या वकिलाला काय कळतंय गाडीतलं?" — संपलं.

६ फेब्रुवारी
सुनावणीचे नियम मिळवले.

७ फेब्रुवारी, बुधवार
नियम वाचून काढले. अशा सुनावणीत घरचं माणूसही बाजू मांडू शकतं, फक्त अधिकारपत्र हवं. आई म्हणाली, "मग झालं तर! घरातली पहिली पदवीधर, लोणचं घालायचंय का तुझं?" काका म्हणाले, "या, वकीलीणबाई!" सगळे हसले, मीही. पण मी इतिहास शिकलेय. मला फक्त सनावळ्या येतात.

बाबांनी सही केली. आता त्यांच्या वतीने मी बोलणार.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
मुद्दे लिहिले. बावीस वर्षं नोकरी, एकही अपघात नाही. गल्ली अरुंद. भिंत पुढे आलेली. बाबांना वाचून दाखवले. "छान लिहिलंयस." मग म्हणाले, "चौदाला डोळे तपासतील बहुतेक. तो तक्ता पुन्हा पाठ करून घेशील?"

कुठला तक्ता?

आणि आठवलं. मी तिसरीत होते. बाबांनी एका कागदावर अक्षरं उतरवून आणली होती — वर एक मोठं, खाली बारीक होत गेलेली. शाळेतून आले की मी पट्टी घेऊन मास्तरीण व्हायची. "चौथी ओळ, उलटीकडून!" मला वाटायचं, बाबांना शिकायचंय! वर्गात सगळ्यांना सांगितलंही होतं.

खोदून विचारलं तेव्हा बाबांनी सगळं सांगितलं. डाव्या डोळ्याने त्यांना दिसतच नाही. तेव्हापासून.

बस डावीकडून घासली होती. वकिलांना त्यांनी हे सांगितलं — आणि वर म्हणाले, तिथे डोळे ठणठणीत म्हणून सांगा.

१० फेब्रुवारी
"बाबा, चाळीस मुलं असतात गाडीत."
"मला ठाऊक नाही?" ओरडले. मग हळूच, "दुसरं काय येतं गं मला?"

मुलं डावीकडच्या दारानेच उतरतात.

१२ फेब्रुवारी, सोमवार
मीही अधिकारपत्र परत देऊ? मग बाबा अगदी एकटे. नाही दिलं, तर उभं राहून, स्पष्ट आवाजात खोटं बोलायचं — आणि ते लोक माझ्यावर विश्वास ठेवतील! त्याचीच जास्त भीती वाटते. डोळ्यांबद्दल एक ओळ लिहिली. खोडली. परत लिहिली. ती काय आहे ते इथेही लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी
तक्ता पाठ करून घेतला. तीनदा. एकही चूक नाही.

१४ फेब्रुवारी
पुकारा झाला. उठले. अधिकारी म्हणाले, "डोळ्यांचं काय?" मी तोंड उघडलं — तोच बाबांनी दंड धरून मला खाली बसवलं. "हिचं अधिकारपत्र मी मागे घेतो, साहेब. हिला काही विचारू नका. माझं मी सांगतो."