मेव्हण्याच्या रिमोटवर उतारा

२ सप्टेंबर २००४, गुरुवार
संकल्प. यंदा गणपतीत इरावती स्वतःच्या घरी राहणार. मागची दोन वर्षं पहिली आरती झाली रे झाली की पोरगी धवलमामाच्या मोटरसायकलवर बसून पोलादपूरला पसार. कारण काय, तर धवलच्या मखरातले दिवे रिमोटवर चालतात. आमची माळ चार पेन्सिल सेलवरची. दुसऱ्या आरतीलाच डोळे मिटते. नऊ वर्षांच्या पोरीला बाप कळत नाही, रिमोट कळतो.
हेवा वगैरे अजिबात नाही. मी महाडच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो, तो आयटीआय करून एमआयडीसीत. तुलनाच नाही.

३ सप्टेंबर
प्लॅन तयार. सेलचा डबा कापायचा, वायरला प्लग लावायचा, बटण दाबायचं. नंतर रिमोट. यात कठीण काय? एका वर्षी विज्ञानाचे सर रजेवर होते तेव्हा आठवीला दोन आठवडे वीज मीच शिकवली.
शुभदा म्हणाली, धवलला एक फोन करून विचारा. या घरात नळ गळला तरी तिच्या भावाला फोन! रागाने जेवलो नाही.
नंतर थोडा भात खाल्ला.

५ सप्टेंबर, रविवार
शिक्षक दिन. मुहूर्त उत्तम.
सकाळी १०.२०. माळ पेटली. काय उजेड! पाऊण सेकंद.
१०.३०. सगळे बल्ब गेले. घराचा फ्यूज गेला. शुभदाचं वाटण मिक्सरमध्ये अर्धवट. माझ्या बोटांना अजून झिणझिण्या. ती आधी रडली, मग ओरडली की एका माळेपायी मरायचं होतं का. माळ हलकी निघाली, माझा काय दोष?

६ सप्टेंबर
तिने फोन केलाच. धवलचा निरोप: भावोजींनी उघड्या वायरला पुन्हा हात लावू नये. सहा व्होल्टच्या माळेला सहा व्होल्टचाच चांगला अॅडॉप्टर घ्यावा. रिमोटचा स्विच भिंतीच्या सॉकेटमध्ये, अॅडॉप्टर त्या स्विचमध्ये. म्हणजे दोनशे तीस व्होल्ट भिंतीपाशीच थांबतात, मखरात येतच नाहीत.
मला हे माहीत होतंच. राग याचा की तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

९ सप्टेंबर
बाजारात झकेरियाच्या दुकानात गेलो. त्याचा भाऊ कुवेतहून माल आणतो. सांगितलं, मेव्हण्याने नेला त्याहून भारी रिमोट दाखव. तो म्हणाला, सर, माल तोच हाय, फक्त बटण हिरवं. हिरवं घेतलं. धवलकडे लाल आहे.
नवी माळही घेतली. अॅडॉप्टर बारा व्होल्टचा मागितला. दुप्पट उजेड पडला पाहिजे. झकेरिया देईना. म्हणाला, धवलभाई सकालीच सांगून गेला, सर बारा मागतील, देऊ नको.
सहाचाच आणला. पाळत ठेवतोय माझ्यावर.

१२ सप्टेंबर
पेटली! आणि पेटलेलीच राहिली!! रिमोट स्वयंपाकघरातून चालतो, ओटीवरून चालतो, संडासातूनही चालतो. इरावती टाळ्या पिटत नाचली. म्हणाली, अगदी मामासारखं झालं.
मी विषय बदलला.

१८ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
विजय. इरावती गेली नाही! दुपारभर रिमोट हातात घेऊन बसली. धवल न्यायला आलाच नाही. कोणत्या तोंडाने येईल?

१९ सप्टेंबर, रविवार
इरावतीला घेऊन मुद्दाम पोलादपूरला गेलो. दर्शनाला. धवलचं तोंडही बघायचं होतं.
मखरात एक बल्ब नाही. नुसती समई. मी अगदी सहज विचारलं, दिवे बिघडले वाटतं? सासूबाई म्हणाल्या, बिघडतील कशाला, माळ्यावर ठेवलेत. पोरीनं आवंदा बापाकडं रावावं म्हनून धवल्यानं लावलेच नाय. बाप एवढा खपतोय, म्हनला.
धवल आईला गप्प बस म्हणाला आणि मला मोदक वाढले. दोन जास्त.
दिव्यांत त्याला गाठला, तर हा मोठेपणात पुढे! जळफळाट नुसता. ठरवलं, पुढच्या वर्षी त्याच्याआधी मीच माळ काढून ठेवणार. बघू काय करतो.
निघताना पाहिलं तर इरावती मामाबरोबर पत्ते खेळत बसलेली. चल म्हटलं. ती म्हणाली, बाबा, मी राहते इथे. मी म्हटलं, अगं, इथे तर दिवेच नाहीत. असू देत की, म्हणाली, आणि पानं वाटायला लागली.
घरी आलो. शुभदाने विचारलं, एकटेच कसे? म्हटलं, एसटीला फार गर्दी होती.