कॅम्प पाचची इस्त्री

१५ एप्रिल, सोमवार
दुपारी दोनला नवऱ्याच्या कारखान्यातल्या हरिचंद्रदादांचा फोन. 'वहिनी, मिलिंद पडला. घाबरू नका.'

बुवापाड्याच्या घरून रिक्षा करून कॅम्प पाचला गेले. जीन्सचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, आणि त्यात मिलिंद दिवसभर वाफेच्या इस्त्रीवर उभा. जमिनीवर झोपवलं होतं. पाणी ओतलेलं, तरी अंग तव्यासारखं. डोळे उघडे, पण मला ओळखेना. 'काल जयंतीला एवढा नाचला, एकदम ठीक होता,' हरिचंद्रदादा सारखं तेच बोलत होते.

सरकारी दवाखान्यात बर्फ लावला. मग म्हणाले, आयसीयूत बेड नाही, दुसरीकडे न्या. प्रायव्हेटमध्ये काउंटरवरची बाई— 'आधी तीस हजार.' सरकारी योजनेचं कार्ड दाखवलं. 'इथे चालत नाही.' सासूबाईंनी कानातलं काढून माझ्या मुठीत दिलं.

१६ एप्रिल
काल ताप एकशे सहा होता म्हणे. आज एकशे एक. काचेतून बघू दिलं.

१७ एप्रिल
ओळखलं! 'स्वप्ना, पाणी दे.' पण पाणीही मोजूनच देतात. गरमीने किडनीला मार बसलाय. डॉक्टर म्हणाले, 'डायलिसिस करू दोन-तीनदा. मग बघू.' त्या 'मग बघू'चीच भीती वाटते.

बाकावर शेजारी बेलवलीच्या बनूबाई. नवरा बिल्डिंगच्या सेंट्रिंगवर, स्लॅबच्या फळ्या ठोकताना भर उन्हात पडला. पुराचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी त्यांचा मुलगा असाच ॲडमिट होता. मला म्हणाल्या, 'बिल रोजच्या रोज विचार गं. शेवटी विचारशील तर चक्कर येईल.' विचारलं. आलीच चक्कर.

१९ एप्रिल
दोन डायलिसिस झाली. बिलासाठी स्कूटी विकली. कारखान्याच्या सेठला फोन केला. 'बेटी, गर्मी तो सबको लगती है.' पाच हजार पाठवले— पगारातून कापणार.

२१ एप्रिल, रविवार
डॉक्टर म्हणत होते, अजून डायलिसिस लागेल, चार दिवस ठेवा. पैसे संपले, मी घरी आणलं. फॉर्मवर छापलेलं— 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे.' खाली सही माझी. त्याला काही झालं तर... नको. लिहवत नाही.

२४ एप्रिल
घरावरचा पत्रा सकाळी दहालाच तापतो. खिडकीला ओली चादर. लाईट गेली की पुठ्ठ्याने वारा घालते. दर वेळी लघवीचा रंग बघते. तो झोपला की छातीवर हात ठेवून श्वास बघते. सासूबाई म्हणतात, 'बस गं जरा, बाई.' कशी बसू? डॉक्टरांनी बजावलंय— पुन्हा असं ऊन लागलं तर हाती काही राहणार नाही.

२७ एप्रिल, शनिवार
पाण्याला गेले होते, वीस मिनिटं. परत येते तर मिलिंद नाही! सासूबाई म्हणाल्या, 'कोपऱ्यावर जाऊन येतो बोलला.' मला कळलंच.

शेडमध्ये इस्त्री धरून उभा होता. पाय थरथरत होते. सगळ्यांसमोर ओरडले, 'मरायचंय का तुला?' तो हळूच म्हणाला, 'पुढच्या डायलिसिसचे पैसे कुठून आणणार, सांग.' त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली. हरिचंद्रदादांनी रिक्षात बसवला.

सेठ दारातूनच— 'जगह खाली नहीं रख सकता. सोमवार को दूसरा आदमी आएगा.'

२९ एप्रिल, सोमवार
दुसरा माणूस मीच. साडेआठला इस्त्रीवर उभी राहिले.