पाचवा फर्मा

१२ डिसेंबर १९५९, शनिवार

भावोजींनी आज पुन्हा आकडे वाचून दाखवले. मोठ्याने! मला वाचता येत नाही असा त्यांचा समज असावा. नीतिशास्त्र — वर्षभरात त्रेचाळीस प्रती. भाषाशास्त्र — एकोणीस. शिलालेखांचे पुस्तक — सहा, त्यांतल्या दोन लेखकानेच नेल्या.

‘वहिनी, याला धंदा म्हणत नाहीत. याला श्राद्ध म्हणतात.’

कमलाकांतभावोजी विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ‘धराधर आणि मंडळी, ग्रंथप्रकाशक, ठाकुरद्वार’ यांचे निम्मे मालक आणि पूर्ण सल्लागार आहेत. हे गेले तेव्हापासून उरलेली निम्मी मी.

त्यांचे धोरण ऐकून घेतले. नवे राज्य आता होणारच, दिल्लीनेही मान डोलावली. राज्य मराठी तर कॉलेज मराठी. कॉलेज मराठी तर पोरांना मराठी पुस्तक हवे. इथवर मला मान्य. पुढे ते म्हणतात — पुस्तक नव्हे, गाईड! डिलाईल रोडला एक मनुष्य आहे, तो पंधरा दिवसांत कुठल्याही विषयाचे गाईड लिहून देतो.

‘विषय माहीत नसला तरी?’

‘त्यामुळेच लवकर होतं.’

शेवटी ठरले ते असे. कॉलेजांच्या संघाची ग्रंथसमिती मार्चअखेर इंटरसाठी तर्कशास्त्राचे एक मराठी पुस्तक नेमणार आहे. आमचे लागले तर आम्ही पुस्तकांचे. नाही लागले तर जूनपासून फक्त गाईडे. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. भावोजींनी सहीखाली तारीख घातली. मी वेळही घातली.

१९ डिसेंबर

प्रा. मनमोहन त्रिलोकेकरांचे तर्कशास्त्र छापून होत आले. पहिलेच वाक्य एकोणतीस शब्दांचे! क्रियापद शेवटी धापा टाकत येते. मी म्हटले, दोन वाक्ये करा. म्हणाले, ‘राजलक्ष्मीबाई, या विषयाला एक गांभीर्य असतं.’ पंचवीस साली बी. ए.च्या वर्गात हे गांभीर्य माझ्या वह्या उतरवून घेत असे. पुढे माझे लग्न झाले आणि ते प्रोफेसर झाले.

पण समित्या पुस्तक लेखकाच्या नावावर नेमतात, वाक्यांच्या लांबीवर नव्हे. वाक्य तसेच ठेवले.

त्याच छापखान्यात आमच्या प्रभू ज्ञातीच्या भगिनी मंडळाचे पाकपुस्तकही चालू आहे. तेही मीच लिहून दिले — नाव मंडळाचे. मावसबहीण उर्मिला मंडळाची चिटणीस, तिने आठ महिने डोके खाल्ले होते. कागद तोच, आकार तोच, टाईप तोच. वेगळा थाट कशाला?

९ जानेवारी १९६०

परीक्षकांना प्रती पाठवण्याचा शेवटचा दिवस. आमचा बाइंडर कुशाबा लालबागेहून चार वाजता तर्कशास्त्राच्या बारा आणि पाकपुस्तकाच्या पन्नास प्रती घेऊन आला. पाणीसुद्धा प्यायला नाही — शिवाजी पार्कला सभा. ‘बाईसाहेब, आज फुडं जागा धरायची हाय.’

तर्कशास्त्राच्या तीन प्रती तीन परीक्षकांना रवाना. एक मनमोहनरावांना. पाकपुस्तके सगळी मंडळाला. हिरवा पुठ्ठा सुरेख बसला आहे. समाधान वाटले.

११ जानेवारी, सोमवार

समाधान दोन दिवस टिकले.

सकाळी नऊला उर्मिला आली ती चपला न काढताच.

‘राजू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? चौसष्टाव्या पानावर भानोल्यासाठी कोबी चिरला, कोलंबी सोलून त्यात घातली. समोरचं पान बघितलं, तर काय? सर्व मनुष्य मर्त्य आहेत!’

‘काय?’

‘सॉक्रेटिस मनुष्य आहे! मंडळातल्या यशोदाबाईंच्या घरी पाहुणे पाटावर बसलेत, आणि ती बिचारी चुलीपुढे पुस्तक धरून शोधतेय की सॉक्रेटिस मर्त्य असला तर भानोलं भाजायचं कधी!’

मी हसले नाही. पुस्तक उघडले. पान ६५ ते ८०, म्हणजे सोळा पानांचा अख्खा पाचवा फर्मा — तर्कशास्त्राचा.

मग पाकपुस्तकाचा पाचवा फर्मा कुठे गेला?

तर्कशास्त्राच्या उरलेल्या आठ प्रती खाली उतरवल्या. आठही प्रतींत चौथे प्रकरण ऐन रंगात. पान ६४ चा शेवट — ‘मध्यपद किमान एकदा व्याप्त असलेच पाहिजे, अन्यथा’ —

पान ६५ — ‘वर निखारे ठेवावेत. खालची आच मंद असावी.’

१२ जानेवारी

लालबागेत जाऊन कुशाबाला गाठले. घड्या घालता घालता त्याने सगळे ऐकून घेतले.

‘आकडा बघितला की, बाईसाहेब. फर्म्याच्या बुडाला पाच लिवलंय. पाच म्हंजी पाच. आतलं वाचायचं काम आमचं न्हाई, तुमचं.’

यात कुठे दोष काढू? दोन्ही फर्म्यांवर आकडा ५, दोन्हींत पाने ६५ ते ८०. आकड्याशेजारी पुस्तकाचे नाव छापायचे असते. ते राहिले माझ्याकडून.

भावोजींना सांगितले. त्यांनी खुर्चीचा हात धरला.

‘वहिनी, मुदत संपली. प्रती परत मागवल्या की आपण बाद.’

‘आणि नाही मागवल्या तर?’

‘तर ते वाचतील.’

मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर विमा विकलेल्या माणसाची आशा उगवली.

‘पण वहिनी — वाचतीलच कशावरून?’

मला इतका संताप आला की तिथेच बसून तिन्ही परीक्षकांना माफीची पत्रे लिहिली. उद्या टाकते.

१४ जानेवारी

पत्रे टाकायची राहिली. संक्रांत होती. (हे कारण नव्हे, हे मला ठाऊक आहे.)

२० जानेवारी

मनमोहनराव येऊन गेले. स्वतःचे पुस्तक ‘एका बैठकीत’ वाचून काढले म्हणे.

‘चौथं प्रकरण तर छापील रूपात फारच खुललंय, राजलक्ष्मीबाई.’

‘हो. आच बरोबर लागली आहे.’

‘अगदी!’ म्हणाले, आणि दुसरा लाडू घेतला.

लेखकसुद्धा नाही! स्वतःचे! ते जिना उतरले तशी मी माफीची तिन्ही पत्रे फाडली. आता मला पाहायचेच आहे.

५ फेब्रुवारी

पहिला अभिप्राय, प्रा. हेरंब जयवंतांचा. फुलस्केप दोन पाने. ‘विशेषतः चौथ्या प्रकरणातील विवेचन लेखकाच्या व्यासंगाची साक्ष देते.’

भावोजींनी तो उभे राहून वाचला. चौथ्या प्रकरणाशी आल्यावर आमची नजरानजर झाली. मी खोकल्याचे निमित्त करून आत गेले आणि मोरीत उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. या वयात!

१७ फेब्रुवारी

दुसरा अभिप्राय. एकच ओळ. ‘भाषा प्रौढ, छपाई निर्दोष, शिफारस करतो.’ छपाई निर्दोष!

तिघांपैकी दोन मते पुरतात. भावोजी फिरकी घ्यायच्या रंगात. ‘वहिनी, पुढल्या पुस्तकाचे मधले फर्मे छापायचेच कशाला? पहिला आणि शेवटचा. कागद निम्मा!’

हसले. मग हसल्याचा राग आला. वर्षभरात त्रेचाळीस नीतिशास्त्रे गेली, त्यांतली उघडली किती? पाकपुस्तक चुकले तर ठाकुरद्वारापासून दादरपर्यंत बोंब झाली, दोन दिवसांत! तर्कशास्त्र चुकले, तर शिफारस.

तिसरे परीक्षक प्रा. रघुवीर दिघे. निवृत्त, राहणार शिवाजी पार्क. त्यांच्याकडून अक्षर नाही.

४ मार्च

दिघ्यांचे कार्ड आले. ‘पान ६५ संबंधाने रविवारी सकाळी भेटावे.’ एवढेच.

भावोजींना दाखवले नाही.

६ मार्च, रविवार

गेले. मैदानात क्रिकेटची जाळी, कडेला पेन्शनरांच्या फेऱ्या. दिघे दुसऱ्या मजल्यावर. वाळका, उंच मनुष्य. टेबलावर आमचे हिरवे पुस्तक, आणि त्यातून बाहेर आलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या — पंधरा-वीस तरी.

‘बसा. मी दोन्ही पुस्तकं वाचली.’

‘दोन्ही?’

‘एक, आणि दुसऱ्याची सोळा पानं.’

‘बाइंडरची चूक झाली.’

‘ते दिसलंच. तुम्ही कळवलं नाहीत, तेही दिसलं.’

मी ठाकुरद्वारचा निम्मा बाजार गप्प बसवते, आणि इथे पदराचे टोक चाळवत बसले.

आतून त्यांच्या बहिणीचा आवाज — ‘दादा, त्यांना विचार की! ऐंशीव्या पानावर कोलंबीच्या आटल्याची कृती अर्धीच राहिलीये. चिंच घालायची की नाही?’

‘सुमेधा, थांब जरा.’ मग मला म्हणाले, ‘भानोलं दोनदा झालं आमच्याकडे. पाककृतीचं पहिलं पान नसताना! पुढची रीत वाचून आधीचं काय असेल ते हिनं ओळखलं. म्हणजे लिहिणाराचा तर्क किती पक्का, बघा.’

‘मंडळाचं पुस्तक आहे ते.’

‘मंडळं ठराव करतात, बाई. लिहीत नाहीत.’ त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवले. ‘मी सव्वीस वर्षं हा विषय शिकवला. त्रिलोकेकरांचं पान मला तीनदा वाचावं लागलं. ती सोळा पानं एकदा. आधी काय, मग काय, कशाने काय बिघडतं — एक शब्द जास्त नाही. अख्ख्या ग्रंथात तर्कशास्त्र आहे ते तेवढंच. कुणी लिहिलं?’

मी म्हटले, ‘तुमचा चहा गार होतोय.’

ते प्रथमच हसले. मग म्हणाले, ‘मी विरोध लिहिणार. पण दोन मतं तुमची आहेत, तेव्हा पुस्तक लागेल. पोरं ते घोकतील, तुमची पेढी तरेल. माझी तक्रार नाही. फक्त एक — नेमलेलं पुस्तक प्रकाशकाला मागे घेता येतं, त्याच्या जागी नवं हस्तलिखित मेअखेर देता येतं. मात्र परीक्षा पुन्हा पहिल्यापासून, आणि नापास झालात तर काहीच नाही. नियमावलीत कलम नऊ. कुणी वाचत नाही ते.’

निघताना सुमेधाबाईंना सांगितले — चिंच नाही, आंबोशी.

१३ मार्च

कलम नऊ वाचले. आहे.

त्यावर विचार करण्याचे कारण नाही. पुस्तक गेले की गाईडे, सही माझी आहे. वेळेसकट.

२० मार्च

उर्मिलेची मीनाक्षी आली होती. यंदा इंटरला जाणार. मनमोहनरावांचे चौथे प्रकरण — दुरुस्त प्रतीतले, खरे — तिच्यापुढे ठेवले आणि समोर बसले. तिने ओठ हलवत दोनदा वाचले.

‘मावशी, पाठ करू का? कळायला पाहिजेच असं नाही ना?’

मांडणीवरून तीन डबे काढले. मोठ्यात मधला, मधल्यात लहान. मग लहान मोठ्यात आहे की नाही? आहे. का? मधल्यामुळे. मधला नीट बसला नाही तर? मुलगी सहा मिनिटांत मध्यपद शिकली, आणि वर मला विचारते — ‘मग पुस्तकात असं का नाही लिहीत?’

‘गांभीर्य असतं,’ म्हटले.

३१ मार्च

लागले! दोन विरुद्ध एक.

भावोजींनी तो सह्यांचा कागद माझ्या देखत फाडला आणि डिलाईल रोडच्या मनुष्याला नकाराचे कार्ड टाकले. नव्या राज्याचा नकाशा आणून काचेत लावला, त्याखाली हिरवी पुस्तके. ‘वहिनी, धोरण! मी म्हणत होतोच.’ काय म्हणत होते ते विचारले नाही. एकोणतीस वर्षांत त्यांना इतके आनंदात पाहिले नव्हते. वाईट वाटले.

मनमोहनराव शाल पांघरून आले. शाल कुणी दिली ते कळले नाही.

२ एप्रिल, शनिवार

मनमोहनरावांचे तर्कशास्त्र मागे घेत असल्याचे पत्र सकाळी स्वतः जाऊन पेटीत टाकले. सोबत कलम नऊखालचा अर्ज. लेखक — राजलक्ष्मी धराधर, बी. ए. पाने — दोनशेच्या आत. लिहून झाली — अकरा.

भावोजी खाली पेढे वाटताहेत. मी दोन घेतले.