पडल्या पडल्या दिसेल अशी खिडकी

९ फेब्रुवारी

उदयसिंहच्या गॅरेजात जाऊन आले. डोकं फिरलंय.

आमची चादरी पोचवायची जुनी व्हॅन. दोन्ही बाजूंना नुसता पत्रा. त्यात खिडक्या करून दे म्हटलं, खाली, आत टाकलेल्या पलंगाला लागून. हसला मेला. "वैनी, बसल्याला माणूस बघून खिडकी करत्यात. येवढ्या खाली कुटं आसती व्हय?"

म्हटलं, माझा माणूस बसत नाही. तर म्हणे, "मग काच कशाला?"

ह्यांना पॅरालिसिस होऊन दोन वर्षं झाली. शुक्रवार पेठेतल्या ह्या खोलीचं छत पाठ झालं असेल. दवाखान्यात नेलं तेव्हा बंद गाडीत सारखं विचारत होते — कुठं आलो? कुठं आलो? दुधनीला सासूबाईंकडे न्यायचंय ह्यांना. ह्या वेळी रस्ता बघत जातील. उदयसिंहच्या दारात परत जाणार नाही. मीच कापणार. जन्म गेला ब्लाउज बेतण्यात, पत्रा काय मोठा लागून गेलाय!

११ फेब्रुवारी

भंगारातून जुन्या बसच्या दोन सरकत्या काचा मिळाल्या. चांगल्या आहेत.

दुधनीहून चनमल्लप्पा भावजी आले, ह्यांचे थोरले भाऊ. भावापाशी दार लावून बसले, आणि बाहेर येऊन मला म्हणतात, "शिवलीला, दक्षिणेच्या अंगाला खिडकी नको. वास्तूत बसत न्हाय." अहो, गाडीला कसली आलीय दक्षिण? वळवली की उत्तर! तोंडावर बोलले मी. भावजी चहा न घेता गेले. जाऊ देत.

१४ फेब्रुवारी

आज राग स्वतःचा.

पेपरचा फर्मा कापला, पत्र्याला चिकटवला, खडूनं आखलं. कोपऱ्यांना भोकं पाडून कटर चालवला — आणि हाताच्या सवयीनं रेघेच्या बाहेर अर्धा इंच सोडून कापत गेले. शिलाईला दाब सोडतो तसा! कापडाला दाब सोडतात, भोकाला नाही, एवढं सुचू नये? काच लावायला गेले तर ती सरळ आत पलंगावर. फुटली नाही, नशीब. गल्ली सगळी बघायला उभी. काच धरायला एकजण पुढे आला नाही.

१५ फेब्रुवारी

मनगट ठणकतंय. कुणाशी बोलायचं नाही आज.

१८ फेब्रुवारी

मोठ्या झालेल्या भोकाला ॲल्युमिनियमच्या पट्टीची चौकट रिव्हेटनं ठोकली. काच बसली. दुसरी खिडकी रेघेवरूनच कापली. कापलेल्या कडांना गंज धरू नये म्हणून रेडऑक्साइड, मग रबर, मग सिलिकॉन. बादलीनं पाणी मारून बघितलं. आत थेंब नाही.

उदयसिंह येऊन बघून गेला. "जमलं की," म्हणाला. मी मान वर केली नाही.

२० फेब्रुवारी

भावजी परत. परत आधी खोलीत, भावापाशी. मग माझ्याकडे. धूळ येईल. ऊन लागेल. पोरं दगड मारतील. शेवटी पिशवीतून काचेला लावायच्या काळ्या फिल्मची गुंडाळी काढली. "निदान ही तरी लाव. भायेरचं कुणी बघाय नको."

मग मात्र सुटलेच मी. भावाची लाज वाटते ना तुम्हाला, मग सरळ सांगा. गावात तुमचं नाक कापलं जाईल ना! धूळ कसली आणि दगड कसले! गुंडाळी रस्त्यावर भिरकावली. त्यांनी ती वाकून उचलली, झटकली आणि गेले.

आत येऊन ह्यांना म्हटलं, बघितलेत तुमचे अण्णा? ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ह्यांनाही भावाचं वाईट वाटलं असणार.

२३ फेब्रुवारी

आज पेठेतून चक्कर मारली. ह्यांना पलंगावर निजवलं, डोळे बरोबर काचेच्या उंचीला. माप एवढं चोख आलं की मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

चहाच्या गाड्याशी थांबले. ह्यांची जुनी मंडळी ओळखून धावत आली, काचेला नाक लावून वाकून बघायला लागली. "सोमशेखर, ओळखलंस काय?" एकानं फोन वर धरून फोटो काढला. आरशात बघितलं तर ह्यांचे डोळे गच्च मिटलेले. ऊन लागत असेल म्हणून गाडी सावलीला घेतली. तरी उघडले नाहीत.

२४ फेब्रुवारी

भात भरवताना बोलले. एकेक शब्द जुळवत.

"फिल्म... अण्णाला... मीच सांगितलं."

भावजींना फोन लावला. उचलत नाहीत.

मला का नाही सांगितलं, विचारलं. किती वेळ नुसते ओठ हलत होते.

"तू... चिडतीस."

पडद्याचं कापड काढून ठेवलंय. कात्री लावायच्या आधी ह्यांना विचारणार आहे.