बाहेर गेलेले बी

अप्पा, तुम्हांला जाऊन इतकी वर्षे लोटली की तुमच्या खळ्यावर उगवलेले साग आता माझ्या डोक्यावर सावली धरतात. तरी विषय तांदळाचा आहे, म्हणून तुम्हांलाच लिहितो.

काल रामनगरला भाच्याच्या वखारीत बसलो होतो. अक्काचा हा धाकटा. खानापूरकडचा तांदूळ अनमोड घाटाने गोव्याच्या बंदरावर पाठवतो. तिथून तो जहाजाने आखातात जातो. चहा ओतता ओतता तो मुलुखामुलुखाची तुलना मांडत होता. तुंगभद्रेकाठचा माल पूर्वी मागे होता, कालव्यांनंतर तो सर्वांच्या पुढे गेला. खानापूरचा बेळगावच्या पेठेपलीकडे क्वचित जाई, आता सुवासाच्या बळावर समुद्र ओलांडतो. मी विचारले, "आणि आमच्या जोयड्याचा?" तो मोठ्याने हसला. "मामा, तुमच्याकडं रेशनचा येतोय की! जातोय कुठला?"

हसण्यावारी नेले खरे, पण घरी येईपर्यंत मला तोच घाट दिसत होता. आपल्या गाड्या उताराला लागल्या आहेत, पेंढ्याने आवळलेल्या तांदळाच्या गोल मुड्या तुम्ही स्वतः रचल्या आहेत. त्या काळी घाटाखाली जाणारा तांदूळ आपला होता आणि खानापूरची माणसे बियाण्यासाठी आपल्या दारी येत. तुमची रीत मला पाठ आहे. कापणीच्या आरंभी भरदार लोंब्या वेगळ्या काढायच्या, त्या बाहेर पाठवायच्या. उरलेले घरी खायचे, त्यातलेच पुढच्या वर्षी पेरायचे. "भाईर जानाऱ्या दान्यावर आपल्या गावाचं नाव असतंय," असे तुम्ही म्हणत असा. अक्का खानापूरला सासरी निघाली तेव्हा त्या निवडक लोंब्यांचीच मुडी तुम्ही तिच्या गाडीत ठेवलीत. मला तुम्ही पोथी दिलीत. बी तिला दिलेत. दरवर्षी उत्तम ते बाहेर गेले आणि आपल्या वाफ्यात उरलेसुरले रुजत राहिले, हे तुमच्या ध्यानात कसे आले नाही?

षड्रिपूंवर मी आयुष्यभर निरूपण केले. मत्सर सर्वांत शेवटी येतो, म्हणून त्याला मी नेहमी थोडक्यात आटोपत असे. मध्यंतरी सरकारने तांदूळ परदेशी पाठवण्यास मनाई केली, भाच्याची पोती वखारीत अडकली, तेव्हा मी देवापुढे माळ ओढत होतो आणि आतून सुखावत होतो.

गेल्या हंगामात गव्यांनी उभे शेत तुडवले आणि तुमच्या बियाण्याचा आपल्याकडचा शेवटचा दाणा गेला. उळवीच्या जत्रेत अक्का भेटली ती मुडी घेऊनच.

"तम्मा, अप्पांचं बी हाय. तुझं सपलं म्हनं. घे."

"देवाला वाहा. मला नको."

"देवाचं देवाला दिलंय. हे तुझं. येवढ्या पोथ्या वाचून रुसायलाच शिकलास व्हय रे?"

बायका हसल्या. तिने मुडी माझ्या बसमध्ये चढवली आणि मागे न पाहता निघून गेली. दिलेले हक्काने परत घेणे निराळे. पण ज्याच्या घरातून बी निघाले त्याने याचकासारखे ते स्वीकारावे, हे मला पचेना. मुडी कोठीत तशीच राहिली. पेरणी तोंडावर आली. मुलगा म्हणतो, "बाबा, दुकानातलं पाकीट आणतो, एकदाचं मिटवा." ते पेरले, तर तुमचा तांदूळ खानापूरचाच होऊन जाईल, पुढच्या पिढीला तो इथून गेला होता हे ठाऊकही असणार नाही.

आज पहाटे पूजेआधी मुडीची दोरी सोडली. दाणे भरदार आहेत. तिने तुमची रीत मोडून घरासाठी उत्तम ते राखले असणार, आणि तेच मला दिले. हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एवढे लिहितो: बी भिजत घातले आहे. अक्काला मात्र अजून कळवलेले नाही.